एम. ए. मराठी कसा दिसतो

दृश्य : सोफा

पोहे आले नाहीत. इडली आली.

सुशीलाबाईंनी ताटलीकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या भावाकडे. दत्तोबांनी डोळ्यांनीच सांगितलं, असू दे अक्का, हैदराबादी लोक. पण इडली मुलीनं आणली नव्हती. मुलीच्या आईनं आणली होती, आणि ठेवताना तिनं डोक्यावर पदरही घेतला नव्हता. सुशीलाबाईंनी घेतला होता. इरकल नेसली की तो आपोआप डोक्यावर जातो.

सोफ्याच्या अगदी कडेला अंबाजी. सुशीलाबाईंचा मुलगा. एम. ए. मराठी, पहिला वर्ग. एका मराठी वाहिनीत काम करतो. वाहिनी मराठी असली तरी तिचा स्टुडिओ इथंच, हैदराबादच्या बाहेर, हे ऐकून कुणालाच खरं वाटत नाही. याआधी मुली बघायला गेले त्या घरांमधून एकच प्रश्न आला होता : "टीव्हीत आहे म्हणता, मग दिसत कसा नाही?"

समोर हिम्मतराव सोळुंके. रानीगंजला पंपांचं दुकान, हिमायतनगरला हा फ्लॅट. मुलीचं नाव शिल्पा, नुकतीच बी. ए. झालेली.

"घ्या, घ्या," हिम्मतराव म्हणाले. "शरमू नका."

दत्तोबांनी इडली मोडली, सांबारात बुडवली आणि बुडवता बुडवता विषय काढला.

"मुलगी दिसत नाही कुठं."

"आहे की आत. बोलावतो. आधी आपण मोठे लोक बोलून घेऊ."

"बरोबर. तसंच असतंय," दत्तोबा सरसावून बसले. "आमचं काही मागणं नाही, आधीच सांगून टाकतो..."

त्याआधीचं, जे कापलं तरी चालेल

घरमालकांच्या फोनवर इंदुताईंचा निरोप आला होता. इंदुताई म्हणजे अंबाजीला कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाई, आता निवृत्त, नल्लकुंट्याला राहतात. घरमालकिणीनं तो निरोप जिन्यातून ओरडून दिला : हिमायतनगरचे सोळुंके म्हणून आहेत, त्यांची मुलगी बी. ए. झाली, रविवारी सकाळी अंबाजीला घरी बोलावलंय.

कशासाठी ते निरोपात नव्हतं. आणि कशासाठी हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. लग्नाचा मुलगा, लग्नाची मुलगी, रविवारची सकाळ, आपल्यातलेच लोक. सुशीलाबाईंनी गावी, भालकीला, भावाला फोन लावला. यजमान नामदेवराव गेल्यापासून असल्या ठिकाणी अंबाजीच्या बापाच्या जागी दत्तोबाच बसत. ते शनिवारच्या बसनं आले. येताना फेटा घेऊन आले. अंबाजीनं तो पिशवीतून बाहेर काढू दिला नाही.

अंबाजीला शंका आली नव्हती का? आली होती. इंदुताई लग्नं जमवत नाहीत. ती शंका तो शनिवारी न्हाव्याकडे घेऊन गेला आणि दाढी करून घरी आणली.

परत सोफा

"...हुंडा नाही, मानपान नाही," दत्तोबा म्हणत होते. "फक्त लग्न भालकीला व्हावं. आमच्याकडचे म्हातारे लोक इतक्या लांब येणार नाहीत. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

हिम्मतरावांनी बायकोकडे पाहिलं. ती हसली असती तर सगळंच हसण्यावारी गेलं असतं. ती हसली नाही. सांबाराचा डबा उचलून आत गेली.

"मामा," हिम्मतराव म्हणाले, "थोडी गडबड झाली वाटतं."

"कसली?"

"आम्हाला शिल्पाला दाखवायचं होतं."

"तेच म्हणतोय मी. दाखवा की."

"तसं नाही. शिल्पाला यांना दाखवायचं होतं. तुमच्या भाच्याला."

"हां, म्हणजे दोघांनी एकमेकांना बघायचं. बघू द्या. आता जमानाच तसा आहे."

"अहो लग्नाचं नाही हो मामा!" हिम्मतराव कळवळून म्हणाले. "पोरीला एम. ए. मराठी करायचंय. उद्या फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. मी म्हणतो अमीरपेटला कॉम्प्युटरच्या क्लासला जा, जावा शीक, आमच्या गल्लीतली तीन पोरं अमेरिकेला गेली. ही म्हणते मराठी. परेशान करून सोडलंय. मग इंदुताई मधे पडल्या. म्हणाल्या, माझा एक विद्यार्थी आहे, मराठी करून टीव्हीत लिहितो, त्याला एकदा भेटा आणि मग ठरवा. म्हटलं ठीक. माझ्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा पंप चालू करून बघितल्याशिवाय नेत नाही. पाणी किती फेकतो ते बघतं. म्हणून बोलावलं. एम. ए. मराठी झालेला माणूस आम्ही कुणी बघितलेलाच नव्हता हो."

दत्तोबांच्या हातातल्या इडलीतून सांबार ठिबकून त्यांच्या धोतरावर पडलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

सुशीलाबाईंनी डोक्यावरचा पदर सावकाश खांद्यावर घेतला.

"आम्हाला तेवढं कळलं होतं," त्या म्हणाल्या. "हा माझा भाऊ गमत्या आहे. जाईल तिथं कुणाचं ना कुणाचं लग्न लावतो."

"हौ," दत्तोबा म्हणाले. "गमतीनं म्हटलं."

"आणि बरं केलंत बोलावलंत ते. आमचा अंबू तिथं परमनंट आहे. त्याच्याशिवाय मालिका हलत नाही. साहेब लोकसुद्धा त्याला विचारून करतात."

अंबाजी गुडघ्यांकडे बघत राहिला. 'परमनंट' हा शब्द त्यानंच एकदा जेवताना घरी सांगितला होता.

कामाबद्दल

तेलुगू मालिका येते. नागिणीची, सासूची, देवाची, कुठलीही. अंबाजीला एका छोट्या खोलीत ती दाखवतात आणि त्यानं तिच्यावर मराठी बसवायचं असतं. बसवायचं म्हणजे अर्थ बसवायचा नाही. ओठ बसवायचे. नटीनं जिथं ओठ मिटले तिथं मराठीतही प, ब, म असं काहीतरी यायला हवं. नाहीतर तोंड एक बोलतं आणि आवाज दुसराच, प्रेक्षक हसतात.

नटी नवऱ्याला म्हणते, "नम्मंडि." म्हणजे विश्वास ठेवा. 'विश्वास ठेवा' म्हणताना ओठ मिटतच नाहीत. अंबाजी लिहितो, "थांबा ना." अर्थ थोडा सरकतो, पण ओठ बसतात. मग नवरा का थांबत नाही, याची तजवीज पुढच्या वाक्यात करावी लागते आणि तिच्यासाठी त्याच्या पुढच्या. कधी कधी पूर्ण प्रसंग असा सरकत सरकत भलतीकडेच जातो आणि तिथं जास्त बरा होतो.

हे काम एपिसोडवर मिळतं. मालिका बंद झाली की काम बंद. नागिणीची याच महिन्यात बंद होणार आहे. पडद्यावर त्याचं नाव येत नाही.

दृश्य : तीच खोली, मुलगी येते

शिल्पा आली ती जवळजवळ पळतच. साधा पंजाबी ड्रेस, केसांना अजून पाणी. आतून तिला सगळं ऐकू आलेलं असणार. पण चेहऱ्यावर तिनं तसं काही दिसू दिलं नाही आणि अंबाजीला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

"नमस्कार सर. ते नागिणीचं तुम्ही लिहिता?"

आजवर त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं.

"मूळचं दुसऱ्या कुणाचं आहे. मी मराठीत बसवतो."

"तेच तर! मम्मी तेलुगूत बघते आणि मी मराठीत. मराठीतली नागीण जास्त चावट आहे. ते तुमचं ना?"

त्याचंच होतं. 'हो' तोंडाशी आलं होतं.

"शिल्पा," हिम्मतराव म्हणाले, "चावटपणा राहू दे. कामाचं विचार. हां, बोला अंबाजी. जे खरं आहे ते पोरीला सांगा. मी मधे बोलणार नाही. तुमचं ती ऐकेल, माझं ऐकत नाही."

ते खरंच मधे बोलले नाहीत. पण त्यांना एक दुकानदारी सवय होती. समोरचा बोलत असला की त्याचं वाक्य ते आवाज न काढता ओठांनी आधीच म्हणत. गिऱ्हाईकाला काय हवंय ते त्यानं सांगण्याआधी ओळखायची सवय. शिल्पानं विचारलं, "एम. ए. करावं का सर?" आणि हिम्मतरावांचे ओठ हलायला लागले.

अंबाजीचे डोळे तिकडे गेले. कामाची सवय.

*ओठ : उघडे, मधे एकदा मिटले, उघडे.*
*बसवलं :* "हौसेपुरतं ठीक आहे."

हिम्मतरावांची मान हलली.

*ओठ : मिटले, मिटले, परत मिटले, आणखी एकदा मिटले.*
*बसवलं :* "पण पोटापाण्याचं बघावं लागतं."

*ओठ : शेवटपर्यंत उघडे, कोपरे वर.*
*बसवलं :* "जावा शिकलेली चांगली."

वाक्यं एकामागून एक येत होती आणि चपखल बसत होती. स्वतःच्या घरातही इतकं सरळ, न अडखळता तो कधी बोलला नव्हता. साहित्य काय, पुढे कधीही वाचता येतं. पायावर उभं राहिल्यावर वाचावं. आमच्या वर्गातली मुलं आता कुठं कुठं आहेत ते विचारू नका, एक तर बिलं टाईप करतो. दर वाक्याबरोबर हिम्मतराव मऊ होत गेले, आणि दर वाक्याबरोबर आपण या घरात थोडे कमी हास्यास्पद होतोय असं अंबाजीला वाटत गेलं. मघाशी जो नवरा मुलगा म्हणून येऊन बसला होता, तो निदान आता शहाणा माणूस तरी ठरत होता.

"लिहिताना कसं वाटतं?" शिल्पानं विचारलं.

"कंटाळा येतो."

"रोज?"

"रोज."

"तुम्हाला परत निवडायला मिळालं तर काय कराल?"

हिम्मतरावांचे ओठ गोल होऊन तयारच होते. दोघांचं एकदमच झालं, त्यांचं बिनआवाजी, याचं आवाजी :

"कॉम्प्युटर."

शिल्पा म्हणाली, "थँक यू सर," आणि आत गेली. येताना आली होती तशी नाही, नेहमीसारखी चालत.

"शाब्बास!" हिम्मतराव उठले, त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "असा माणूस पाहिजे. दुसरा असता तर स्वतःच्या विषयाची तारीफ करत बसला असता. कधी नड लागली तर दुकानावर या. नांदेड-लातूरकडे आपले पंप जातात, मराठीत कागद काढायचा आहे. पाणी किती, हॉर्सपॉवर किती. लिहून द्याल?"

"देईन की," अंबाजी म्हणाला.

इंदुताईंनी त्याला इथं कशासाठी पाठवलं होतं, ते त्याला जिना उतरताना उमगलं.

दृश्य : ऑटो

दत्तोबा बोलत होते. "बोलावतात काय, इडली चारतात काय! आम्ही काय सर्कस आहे? आणि तो म्हणतो पंप! भाच्याला पंप म्हणतो माझ्या! मी म्हणून गप बसलो अक्का, दुसरा असता तर..."

"दुसरा असता तर निदान इडली तरी खाली ठेवली असती," सुशीलाबाई म्हणाल्या.

दत्तोबा धोतरावरचा सांबाराचा डाग चोळू लागले.

नारायणगुड्याच्या सिग्नलला ऑटो थांबली. सुशीलाबाई बाहेर बघत होत्या, तशाच बघत म्हणाल्या, "कंटाळा येतो म्हणालास."

अंबाजीनं ऑटोच्या मीटरकडे पाहिलं.

"तू लिहिताना एकटाच हसतोस. मी स्वयंपाकघरातून बघते ना. त्या दिवशी ताटावरून उठून लिहायला पळालास. आमटीवर साय आली."

"आई, असू दे आता."

"परमनंट नाहीस, ते मला कधीच कळलंय. परमनंट माणसाला दिवाळीत काहीतरी देतात, मिठाईचा डबा तरी. मी तिथं खोटं बोलले ते चार लोकांत तू मोठा दिसावास म्हणून. तू कशासाठी बोललास?"

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला. अंबाजीला उत्तर माहीत होतं, आणि ते इतकं छोटं होतं की ते आईला सांगायची लाज वाटली. समोरच्या माणसाला बरं वाटावं म्हणून. ज्यानं आपल्याला चालू करून बघायला बोलावलं, त्याला वाटू नये की पंप पाणीच फेकत नाही. एवढ्यासाठी एका मुलीचं उद्याचं सगळं त्यानं बसवून टाकलं होतं.

"भैया, रोको जरा."

"आता कुठं?" दत्तोबा ओरडले. "अरे, ती आपली सून होणार आहे का? तिचं तिचा बाप बघून घेईल!"

"जाऊ दे त्याला," सुशीलाबाई म्हणाल्या. "चलो भैया."

दृश्य : दार

दार हिम्मतरावांनीच उघडलं. बनियनवर होते.

"अरे! काय राहिलं?"

वाटेत त्यानं वाक्य तयार केलं होतं. चांगलं, सरळ वाक्य. हिम्मतरावांच्या चेहऱ्यावर अजून मघाचीच खुशी होती.

"रुमाल," अंबाजी म्हणाला.

"अगं शिल्पा, यांचा रुमाल राहिलाय. बघ जरा सोफ्याजवळ."

आणि सगळे शोधायला लागले. हिम्मतरावांनी उशा उचलल्या. त्यांच्या बायकोनं टीपॉयखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, मग म्हणाली, "कुठल्या रंगाचा?"

"पांढरा," अंबाजी म्हणाला आणि स्वतःही शोधू लागला. न हरवलेला रुमाल तो इतक्या मनापासून शोधत होता की क्षणभर त्यालाही वाटलं, सापडेल. शिल्पा गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली हात फिरवत होती. तोही वाकला. सोफ्याखाली केसांचा चाप आणि शेंगदाण्याची टरफलं होती.

"कंटाळा येत नाही," तो सोफ्याखालीच म्हणाला. हळू.

तिचा हात थांबला.

"काय?"

"लिहिताना. कंटाळा येत नाही. मघाशी खोटं बोललो."

"मला काय सांगता?" तिनंही हळूच विचारलं, पण आवाजात धार होती. "मला तुमचं मघाशीच खरं वाटलं नव्हतं. पप्पांना वाटलं. मम्मी आत फोनवर अमीरपेटची बॅच विचारून आली पण. इथं खाली काय सांगताय? वर सांगा."

"मिळाला का?" वरून हिम्मतराव.

अंबाजी उठला. गुडघ्यांना धूळ लागली होती. ती त्यानं झटकली, मग परत झटकली.

"रुमाल नव्हताच," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी रुमाल आणलाच नव्हता. मी... मघाशी मी जे सांगितलं, ते तुम्हाला ऐकायचं होतं म्हणून सांगितलं. मला परत निवडायला मिळालं तर मी मराठीच करीन. का ते नीट सांगता येणार नाही. पण करीन. कॉम्प्युटर म्हणालो ते खोटं होतं."

हे तो सलग बोलला नाही. मधे दोनदा थांबला, एकदा 'मराठी' म्हणायचं सोडून 'मालिका' म्हणाला आणि परत दुरुस्त केलं. हिम्मतरावांची बायको हातातली उशी छातीशी धरून उभी होती.

हिम्मतराव रागावले नाहीत. ते रागावले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मघाशी इथं, याच जागी, माझ्या पोरीच्या तोंडावर खोटं बोललात. आता रुमालाचं खोटं सांगून घरात शिरलात. मग आत्ता खरं बोलताय, ते मी कशावरून मानू?"

अंबाजी दाराकडे बघत होता.

"मघाशी आपण बोलावलं म्हणून आले होते, पप्पा," शिल्पा म्हणाली. ती अजून जमिनीवरच बसली होती. "आत्ता कुणी बोलावलं?"

"तू थांब. हा माणूस घाबरट आहे."

"आहेत. म्हणून तर. घाबरट माणूस उगाच परत कशाला येईल?"

हिम्मतरावांनी मुलीकडे पाहिलं, मग अंबाजीकडे, त्याच्या धुळीच्या गुडघ्यांकडे. गिऱ्हाईकानं परत आणलेला पंप बघावा तसं. मग खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला, बटणं लावली आणि समोरच्या सोफ्याकडे बोट दाखवलं.

"बसा. आता पहिल्यापासून सांगा. मला काय आवडतंय ते बघू नका, खाली बघून सांगा हवं तर. काम काय, किती दिवस टिकतं, बंद झालं की तुम्ही काय करता, घरी आईला काय सांगता. सगळं हिच्यासमोर. मग बघू उद्याचं."

शिल्पानं वेताचा मोढा ओढला आणि त्यावर बसली. अंबाजीकडे नाही, वडिलांकडे तोंड करून.

अंबाजी सोफ्याच्या कडेला बसला. कान गरम झाले होते. शिल्पाच्या आईनं स्वयंपाकघरात जाऊन चालू नळ बंद केला, बोलणं नीट ऐकू यावं म्हणून असेल. सगळ्यात आधी काय सांगायचं ते त्याला लगेच समजलं, कारण तेच सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

"पडद्यावर नाव येत नाही," तो म्हणाला. "आधी ते सांगतो."